किंडल का टॅब्लेट? आधी बाबांचा पेन ड्राइव्ह उघडा

प्रश्न थोडक्यात असा होता. राहायला कोथरूड, बाबा ६९ वर्षांचे, आयुष्यभर वाचत आलेले. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं दिवाळीनंतर आहे, आणि छापील पुस्तकातला बारीक टाइप आता झेपत नाही. मित्रमंडळींकडून जमवलेली सहाशेच्या आसपास मराठी पुस्तकं पेन ड्राइव्हवर आहेत, ती वाचायचीत. विचारणाऱ्या ताई स्वतः वनाझ ते रामवाडी रोज मेट्रोनं जातात, त्यांनाही वाटेत वाचायला काहीतरी हवंय. बजेट सतरा हजार, वस्तू एकच, वापरणार दोघं. किंडल, म्हणजे अ‍ॅमेझॉनचं फक्त पुस्तकं वाचायचं मशीन (ई-रीडर), घेऊ का टॅब्लेट? आणि टॅब्लेटनं डोळे जातात म्हणतात ते खरं का?

ताई, मी गॅजेटवाली नाही. २००३ पासून नारायण पेठेत डीटीपी करते, म्हणजे पुस्तकाची पानं लावून छापखान्यात पाठवणं हा धंदा, आणि गेली काही वर्षं त्याच पुस्तकांची ई-बुकंही करून देते. त्यामुळे माझं उत्तर मशीनपासून सुरू होत नाही, फाइलपासून होतं. टेबलावर टेस्टिंगसाठी दोन किंडल, एक आयपॅड आणि दोन अँड्रॉइड टॅब्लेट कायम पडलेले असतात आणि एकच पुस्तक पाचही ठिकाणी उघडून बघायची सवय लागलीय, त्यातून जे कळलंय ते सांगते.

तुमचा प्रश्न किंडल का टॅब्लेट असा दिसतो खरा, पण आत तीन वेगळे प्रश्न आहेत. बाबांच्या पेन ड्राइव्हमध्ये नक्की कसल्या फाइली आहेत, बाबांच्या डोळ्याला अंधुक दिसतं का चकाकी सहन होत नाही, आणि सकाळी साडेनऊला ती वस्तू कोणाच्या हातात असणार. पहिल्याचं उत्तर मिळालं की निम्मा निकाल लागतो, म्हणून त्याच्यावरच जास्त लिहिते, कंटाळा आला तर आला.

"पुस्तकं आहेत" असं लोक म्हणतात तेव्हा फाइली तीन जातींच्या असतात. एक, खरं ई-बुक, म्हणजे ईपब किंवा किंडलच्या दुकानातून विकत घेतलेलं. त्यात अक्षरं सुटी असतात, तुम्ही साइज वाढवला की ओळी आपोआप पुन्हा लागतात आणि पान नावाची वस्तू मुळी नसतेच. दोन, कॉम्प्युटरवर टाइप केलेली पीडीएफ, म्हणजे मी छापखान्याला पाठवते तसली, अक्षरं आहेत पण पान पक्कं. तीन, स्कॅन, म्हणजे कुणीतरी जुनं पुस्तक मशीनवर ठेवून पानापानाचे फोटो काढलेत आणि त्याची पीडीएफ केलीय. पेन ड्राइव्हवर फिरणारी मराठी पुस्तकं बहुतेक तिसऱ्या जातीची असतात, थोडी दुसऱ्या, पहिल्या जातीचं क्वचित काही सापडतं. तुमच्याकडे वेगळं असेल तर पुढचं सगळं उत्तर बदलेल, म्हणून आधी तपासा.

तपासायला दोन मिनिटं लागतात. फाइल उघडायची, एखाद्या शब्दावर बोट दाबून धरायचं, शब्द निळा होऊन निवडला जातोय का बघायचं. काहीच निवडलं जात नसेल तर तो फोटो आहे. (कधीकधी स्कॅनच्या मागे मशीननं वाचलेला मजकूर दडवलेला असतो, मग निवडलं जातं पण पान बघून फोटो आहे हे कळतंच.) निवडलं गेलं तर कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पेस्ट करायचं. स्वच्छ मराठी आलं तर युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत), नशीब चांगलं. इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस, स्वल्पविराम असला कचरा आला तर ती जुन्या फॉन्टातली फाइल.

हा कचरा कुठून येतो ते सांगते, कारण यावरून माझ्याकडे महिन्याला दोन तरी फोन येतात, "किंडलला मराठी येत नाही का हो?" किंडलला मराठी येतं. डिसेंबर २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉननं हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळम यांच्याबरोबर मराठी ई-बुकं अधिकृतपणे आणली. भानगड आपल्या जुन्या फाइलींची आहे. युनिकोडच्या आधी, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही कित्येक वर्षं, आपल्याकडे पुस्तकं ज्या फॉन्टात लागायची त्यात इंग्रजी अक्षरांच्या खणात देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे. एका खणात काना, दुसऱ्यात अर्धा श, तिसऱ्यात रफार. तो फॉन्ट अंगावर आहे तोवर कागदावर सुंदर मराठी दिसतं, फॉन्ट काढला की खाली नुसता इंग्रजी कचरा उरतो. तुम्ही अशी पीडीएफ किंडलकडे पाठवून "अक्षरं मोठी करता येतील अशी कर" म्हटलंत की ते बिचारं फॉन्ट काढून टाकतं आणि कचरा तेवढा मोठ्या टाइपात दाखवतं. युनिकोड पीडीएफमध्येही थोडी गडबड होतेच, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढलेली असते ना, तर 'किती'ची वेलांटी भलतीकडे जाऊन बसते. आमच्या कामात सगळ्यात छळणारं अक्षर म्हणजे दऱ्याखोऱ्यांमधला तो ऱ. एका कादंबरीचं रूपांतर करून मी निवांत पाठवून दिलं होतं, संध्याकाळी लेखकाचा फोन, "अहो माझ्या पुस्तकातल्या सगळ्या दऱ्या कुठं गेल्या?" बघते तर प्रत्येक ठिकाणी र, त्याच्यापुढे एक ठिपक्यांचं वर्तुळ आणि त्याला लटकलेला य. सह्याद्रीवरचं पुस्तक होतं, दोन रात्री दऱ्या भरत बसले.

आता स्कॅनकडे, कारण बाबांचा खरा प्रश्न तिथे आहे. स्कॅनमध्ये अक्षर मोठं करणं असं काही नसतं, फोटो मोठा करता येतो एवढंच. म्हणून स्क्रीनचा आकार. आपली बरीचशी मराठी पुस्तकं डेमी साइजची, साडेपाच बाय साडेआठ इंच. या पानाचा कर्ण काढा, दहा इंचांच्या किंचित वर येतो. म्हणजे दहा-अकरा इंची टॅब्लेटवर ते पान जवळजवळ जसंच्या तसं, मूळ आकारात मावतं. सहा इंची किंडलचा पडदा साधारण साडेतीन बाय पावणेपाच इंच, त्यात साडेआठ इंच उंचीचं पान बसवायचं तर ते ५६-५७ टक्के होतं, आणि बारा पॉइंटात (पॉइंट म्हणजे टाइपाच्या आकाराचं माप) लावलेला मजकूर सात पॉइंटांच्याही खाली जातो. सात पॉइंट म्हणजे पेपरातल्या छोट्या जाहिराती. सात इंची पेपरव्हाइटवर, म्हणजे किंडलच्याच मोठ्या भावावर, गेलात तरी आठ पॉइंटांच्या अलीकडेच. बाबांना छापील बारा पॉइंट दिसत नाही म्हणून तुम्ही काहीतरी घेताय आणि त्यांना आठ पॉइंट वाचायला देणार, हे काही जमायचं नाही.

"पण झूम करता येतं की." येतं. माझ्या सासूबाईंना २०१८ साली मी मोठ्या हौसेनं सहा इंची ई-रीडर दिला होता, पंचाहत्तरी होती, मी या धंद्यातली असूनही हा विचार केला नव्हता याची अजून लाज वाटते. त्यांना रोज पोथी वाचायची होती आणि पोथीचा स्कॅन होता. झूम केलं की ओळीचा डावा अर्धा दिसायचा. उजवा बघायला बोटानं सरकवायचं, सरकवलं की पडदा क्षणभर काळा होऊन परत उमटायचा, मग पुढची ओळ शोधायला परत डावीकडे. एका ओवीला चार वेळा काळं-पांढरं. त्यातून त्यांची बोटं कोरडी, टिचकी लागायचीच नाही, जोरात दाबून धरलं की शब्द निवडला जाऊन भलतीच चौकट उघडायची, आणि त्या हाक मारायच्या, "अगं हे काहीतरी विचारतंय मला." पंधरा दिवस माझं मन राखायला वापरला, मग एक दिवस बघितलं तर कपाटात, साड्यांच्या घडीत नीट गुंडाळून ठेवलेला. नंतर दहा इंची टॅब्लेट आणला तो शेवटपर्यंत वापरला त्यांनी. म्हणजे पोथी सकाळी, आणि दुपारी यूट्यूबवर कीर्तन आणि संध्याकाळी यूट्यूबवर बरंच काही जे कीर्तन नव्हतं, त्यावर नंतर येते.

डोळ्यांबद्दल. मी डॉक्टर नाही, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय तर त्यांच्या डॉक्टरांना विचाराच, पण टॅब्लेटनं डोळे 'जातात' असं मात्र नाही. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची मोठी संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी, स्पष्ट सांगते की स्क्रीनच्या निळ्या प्रकाशानं डोळ्याला इजा होते याला पुरावा नाही आणि त्यासाठीचे खास चष्मे घ्यायची गरज नाही. डोळे चुरचुरतात ते मुख्यतः आपण स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी मिटतो म्हणून. झोपेचं मात्र थोडं तथ्य आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या एका अभ्यासात १२ जणांना झोपायच्या आधी चार तास, सलग पाच रात्री, आयपॅडवर वाचायला लावलं आणि तेवढ्याच रात्री छापील पुस्तक दिलं, तर आयपॅडच्या रात्री झोप लागायला सुमारे दहा मिनिटं जास्त लागली. बारा जणच होते आणि चार तास वाचत होते, त्यामुळे फार घाबरायचं कारण नाही, रात्री ब्राइटनेस खाली आणावा एवढाच बोध मी घेते.

ई-इंकचा, म्हणजे किंडलच्या कागदासारख्या पडद्याचा, आराम खरा आहे, ते नाकारत नाही. त्या पडद्यात केसाच्या जाडीच्या आसपासच्या बारीक कुप्या असतात, त्यांत पांढरे आणि काळे कण, दोघांवर उलटा विद्युतभार. करंट दिला की काळे वर येतात किंवा पांढरे वर येतात आणि मग करंट बंद केला तरी तिथेच बसून राहतात. म्हणून चालू पानाला वीज लागत नाही, पान उलटताना लागते. उजेडही मागून डोळ्यात येत नाही, कडेच्या छोट्या दिव्यांचा उजेड पडद्यावर पसरतो आणि कागदासारखा परतून येतो. भर उन्हात तर याला तोड नाही, वेताळ टेकडीवर सकाळी आठला बसून वाचून बघा, टॅब्लेटमध्ये तुम्हाला फक्त तुमचं तोंड दिसेल.

पण लोक एक गोष्ट सांगत नाहीत. ई-इंकचं पांढरं हे पांढरं नसतं, वर्तमानपत्राच्या कागदासारखं करडं असतं. तुमच्या-माझ्या डोळ्याला ते छान वाटतं. मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला मुळातच सगळं धुक्यातून दिसतं, त्याला काळ्या-पांढऱ्यातला फरक जास्त हवा असतो, आणि तिथे उजळ टॅब्लेट पुष्कळदा बरा पडतो. उलट काहींना चकाकीचाच त्रास असतो, समोरच्या गाडीचे हेडलाइट फुटल्यासारखे दिसतात तसं, मग त्यांना काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सोयीची. बाबा कुठल्या गटात आहेत ते मला इथे बसून कळणार नाही. तुमच्याच फोनवर एखादं पान उघडा, एकदा ब्राइटनेस वाढवून द्या, एकदा अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमधून रंग उलटे करून द्या, आणि कुठलं बरं वाटतं विचारा. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं आणि न झालेल्या डोळ्यानं वेगवेगळं उत्तर आलं तर दचकू नका. आणि दिवाळीनंतर पुन्हा विचारा, तेव्हा उत्तर बदललेलं असण्याची शक्यता बरीच आहे.

तर इथवरचा हिशोब: स्कॅन जास्त असतील तर बाबांसाठी दहा-अकरा इंची टॅब्लेट, यात मला शंका नाही. पेन ड्राइव्ह बाजूला ठेवून ते विकतचीच ई-बुकं वाचणार असतील, अक्षर हवं तेवढं मोठं करून, तर पेपरव्हाइट. पण मग सहाशे पुस्तकांचं काय, हे त्यांनीच ठरवायचं.

आता दोघांत एक. हे करू नका. तुम्ही सकाळी नऊला घेऊन बाहेर पडणार आणि सात-साडेसातला परत येणार, आणि रिटायर माणसाचा वाचायचा वेळ नेमका तोच, जेवण झाल्यावर दुपारचा. आठ दिवसांत एकजण गप्प बसून दुसऱ्याला देऊन टाकेल, आणि आपल्या घरांतली रीत बघता तो मोठेपणा बाबा करतील, म्हणजे ज्यांच्यासाठी घेतलं तेच वाचणार नाहीत. शिवाय मेट्रोत एक हात वरच्या दांडीला, एका हातात पुस्तक. अकरा इंची टॅब्लेट कव्हरसकट अर्ध्या किलोच्या वर जातो, साधं सहा इंची किंडल १५८ ग्रॅमचं आहे. डेक्कनला गर्दी आत शिरते तेव्हा हा फरक मनगटाला कळतो.

म्हणून माझा सल्ला, सतरा हजारांतला मोठा भाग बाबांच्या टॅब्लेटवर घाला आणि तुम्ही सध्या काहीच घेऊ नका. फोनवर किंडलचं अ‍ॅप फुकट आहे, एक मराठी पुस्तक विकत घ्या आणि महिनाभर मेट्रोत वाचून बघा. वाचलं गेलं तर नंतर साधं किंडल घ्या, वापरलेलंही चालतं. वापरलेलं घेताना दोनच गोष्टी बघा, आधीच्या मालकानं आपलं अकाउंट त्यावरून काढलंय ना आणि पडद्यात आडवी उभी मेलेली रेघ नाही ना. रेघ असेल तर कितीही स्वस्त असू दे, सोडून द्या, पडदा बदलायचा खर्च परवडत नाही. महिन्यात तीसच पानं झाली असतील तर पैसे वाचले म्हणायचं. मी हे असं सांगून चार-पाच जणांचं किंडल थांबवलंय, वाचणारा माणूस पीएमपीच्या तिकिटावरचा मजकूरसुद्धा वाचतो हो, त्याला मशीन लागत नाही.

एक फायदा असा की किंडलच्या दुकानातलं पुस्तक एकाच अकाउंटवर दोन्हीकडे उघडतं, तुमच्या फोनवर आणि बाबांच्या टॅब्लेटवर. एकदा घेतलेलं दोघांनी वाचायचं. फक्त "तुम्ही शेवटी अमुक पानावर होता, तिथे जाऊ का" असं ते विचारतं तेव्हा बाबांना "नाही" म्हणायला शिकवा, नाहीतर ते तुमच्या पानावर जाऊन पोचतील आणि शेवट आधीच कळेल.

टॅब्लेट घेताना कंपनीपेक्षा पडद्याचे आकडे बघा. दहा इंची टॅब्लेट १२८० बाय ८०० चा असेल तर इंचाला दीडशेच ठिपके पडतात, इंग्रजी कसंबसं चालतं पण देवनागरीत अनुस्वार शिरोरेखेला चिकटतो आणि रफार नुसता डाग दिसतो. अकरा इंचाला निदान १९२० बाय १२०० हवं, म्हणजे दोनशेच्या वर ठिपके. ई-रीडरचे तीनशे असतात, तेवढी धार येत नाही पण मोठ्या अक्षराला चालतं. मेमरी कार्डाची खाच असलेला घ्या, सहाशे स्कॅन म्हणजे जागा खातात. सिमवाला घेऊ नका, वायफाय पुरे. रॅम चार जीबीच्या खाली नको, तीनशे पानांचा स्कॅन उलटताना अडकतो. चकाकणाऱ्या काचेवर मॅट गार्ड लावून घ्या, बाबा खिडकीपाशी बसत असतील तर नक्कीच.

वाचायला रीडएरासारखं फुकट अ‍ॅप टाका आणि त्यात कडेचा पांढरा भाग कापायची सोय वापरा. जुन्या स्कॅनमध्ये समास इतके ऐसपैस असतात, वर स्कॅन करणाऱ्याचा अंगठाही असतो, ते कापलं की अक्षर आपोआप बऱ्यापैकी मोठं होतं. आणि टॅब्लेट आडवा धरला तर अर्धं पान रुंदीभर दिसतं, खाली सरकवत वाचायचं. उभ्यापेक्षा अक्षर जवळजवळ दीडपट. हा उपाय इतका साधा आहे आणि तरी कुणी करत नाही.

बॅटरीचं फार मनावर घेऊ नका. पेपरव्हाइटची बारा आठवडे म्हणतात ती रोज अर्धा तास वाचलं आणि वायफाय बंद ठेवलं तर. गुणाकार केला तर ४२ तास. बाबा रोज चार तास वाचणार असतील तर दहा दिवस. टॅब्लेट आठ-दहा तास चालतो, म्हणजे रोज किंवा दिवसाआड लावायचा, फोन लावतात त्याच्या शेजारी. घरात बसून वाचणाऱ्याला यानं काही फरक पडत नाही.

रंगीत ई-इंक, अँड्रॉइडवाले दहा इंची ई-रीडर, लिहिता येणारे मोठे किंडल, हे सगळं आहे, चांगलंही आहे, तुमच्या बजेटात नाही. विषय संपला.

विकतच्या पुस्तकांबद्दल एक सांगायचंच आहे. कुठल्या दुकानाचं पुस्तक कुठं उघडतं हे घेण्याआधी बघा. आपल्या पुण्याच्याच बुकगंगाची ई-बुकं त्यांच्या अ‍ॅपमध्ये वाचायची असतात, ते टॅब्लेटवर चालतं, किंडलवर नाही. ई साहित्य प्रतिष्ठानच्या पीडीएफ फुकट असतात, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानंही आपली बरीच प्रकाशनं साइटवर खुली ठेवलीत, ती टॅब्लेटवर छान वाचता येतात. आणि विकत घेतलेलं ई-बुक आपलं असतं असं धरून चालू नका. मायक्रोसॉफ्टनं २०१९ साली आपलं ई-बुकांचं दुकान बंद केलं तेव्हा लोकांना पैसे परत दिले पण पुस्तकं नाहीशी झाली. किंडलवरही घेतलेलं पुस्तक आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायची सोय होती ती फेब्रुवारी २०२५ मध्ये काढून टाकली. माझी स्वतःची एका छोट्या दुकानाच्या अ‍ॅपमधली तेवीस पुस्तकं अशीच गेली, पैसेही गेले, फोन उचलायलाही कुणी नव्हतं. जे पुस्तक पुन्हा पुन्हा वाचायचंय ते मी अजूनही अप्पा बळवंत चौकातून छापीलच आणते.

बाबांच्या पेन ड्राइव्हबद्दल, धंद्यातली आहे म्हणून बोलते, रागावू नका. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर साठ वर्षांनी त्याचं लेखन मुक्त होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, तर त्यांचं लेखन २०११ पासून कुणीही स्कॅन करावं, वाटावं. पण गेल्या वर्षी आलेल्या कादंबरीची पीडीएफ त्यात असेल तर ती कुणाच्या तरी पोटावरची आहे. मी ज्यांची पानं लावते ते प्रकाशक बाराशे प्रतींची आवृत्ती काढायला घाबरतात हो आता. हयात लेखकांची तेवढी विकत घ्या.

सहाशेच्या सहाशे पुस्तकांचं 'खरं ई-बुक' करून द्या असं सांगणारेही येतात माझ्याकडे. करता येतं, गूगल ड्राइव्हमध्ये स्कॅन टाकून गूगल डॉक्सनं उघडलं तर मराठी बऱ्यापैकी ओळखतं. पण जुन्या शाईत घ आणि ध, भ आणि म यांच्यातली गाठ पुसलेली असते. 'घर'चं 'धर' होतं, 'भाऊ आला'चं 'माऊ आला' होतं, एका चरित्रात नायकानं विहीर 'भरली' होती ती मशीननं 'मरली' केली. प्रत्येक पान डोळ्याखालून घालावं लागतं, दोनशे पानांना मला आठवडा जातो. बाबांना विचारा, यातली अशी कुठली सहा पुस्तकं आहेत जी मरेपर्यंत परत परत वाचाल, आणि तेवढ्याच सहांचं बघा. सहाशेतली किती आपण खरंच उघडणार हे त्यांनाही माहीत असतं, विचारलं की हसतात.

आणि ते यूट्यूब. टॅब्लेटचा खरा तोटा डोळ्यांपेक्षा हा. पुस्तक उघडायला हात जातो आणि मधल्या वाटेत काहीतरी लाल दिसतं. सासूबाईंच्या टॅब्लेटवर मी नंतर पहिल्या पानावर फक्त वाचायचं अ‍ॅप ठेवलं, बाकी सगळं मागच्या पानावर, व्हॉट्सअ‍ॅप घातलंच नाही, नोटिफिकेशन सगळी बंद. पूर्ण थांबलं नाही, पण पोथी आधी होऊ लागली. तुमचे बाबा स्वतःचे मालक आहेत, त्यांना न विचारता यूट्यूब काढू नका, फक्त पहिल्या पानावरून हलवा.

शेवटचं म्हणजे वजन. अर्धा किलो हातात धरून वीस मिनिटांनी अंगठा दुखतो, आणि मग आडवं पडून वाचायला गेलं की टॅब्लेट नाकावर पडतो, माझ्या पडलाय. पोथी ठेवायला लाकडी घडीचा स्टँड असतो ना, तुळशीबागेत देवाच्या सामानाच्या दुकानांत मिळतो, तो आणा. मोठा घ्या, छोट्यावर अकरा इंची टॅब्लेट आडवा ठेवला की पुढे झुकतो. चार्जिंगची वायर मागच्या फटीतून बरोबर जाते.